सेंट्रल लाइन, रक्तसंसर्ग आणि सहा खाटांच्या आयसीयूतले भाकीत

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी सहा खाटांचा आयसीयू सांभाळणाऱ्या एका तरुण फिजिशियनने विचारले आहे की, सेंट्रल लाइन, म्हणजे मानेतल्या, छातीतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत टाकलेली नळी, असलेल्या रुग्णांपैकी कोणाला रक्तसंसर्ग होईल हे आधी ओळखता येते का. एका विक्रेत्याने त्यांना प्रत्येक रुग्णासमोर टक्क्यांत धोका दाखवणारे सॉफ्टवेअर दाखवले आहे. ते घ्यावे, की आपल्याच रुग्णांच्या नोंदींवरून स्वतःचा गुणतक्ता, म्हणजे धोक्याच्या घटकांना गुण देणारा तक्ता, तयार करावा, असा त्यांचा पुढचा प्रश्न आहे. वर्धा-यवतमाळ भागात अशाच लहान आयसीयूंमध्ये माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी थेट मत सांगतो. धोका काही प्रमाणात ओळखता येतो, पण लहान विभागात त्या भाकिताचा उपयोग एवढाच आहे की आज कोणाची लाइन काढायची, कोणाची जागा नीट पाहायची आणि कोणाकडे सिस्टरांनी जास्त लक्ष द्यायचे हे ठरवता यावे. भाकिताच्या आकड्यावर प्रतिजैविक सुरू करायचे असेल, तर तो आकडा नसलेलाच बरा.

सगळ्यात आधी हे पाहायला हवे की आपण नेमके कशाचे भाकीत करतो आहोत. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या सर्वेक्षण-व्याख्येप्रमाणे लाइन सलग दोन कॅलेंडर दिवसांपेक्षा जास्त काळ राहिलेली असावी लागते, म्हणजे गणना तिसऱ्या दिवसापासून सुरू होते. घटनेच्या दिवशी किंवा तिच्या आदल्या दिवशी लाइन शरीरात असावी लागते. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू सापडावा लागतो, आणि तो फुफ्फुस, मूत्रमार्ग किंवा जखम अशा दुसऱ्या ठिकाणच्या संसर्गातून आलेला नसावा लागतो. त्वचेवर सहज सापडणारा जंतू असेल, तर वेगवेगळ्या वेळी काढलेल्या किमान दोन नमुन्यांत तो दिसायला हवा आणि सोबत ताप, थंडी वाजणे किंवा रक्तदाब उतरणे यांपैकी काहीतरी असायला हवे. ही व्याख्या मोजणीसाठी आहे. समोरच्या रुग्णाचा संसर्ग लाइनमधूनच आला का, हे ठरवण्यासाठी लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात रक्त घेऊन दोन्ही बाटल्या स्वयंचलित यंत्रात ठेवाव्या लागतात. लाइनच्या रक्तात वाढ दोन तास किंवा त्याहून अधिक आधी दिसली, तर दोष लाइनचा धरला जातो.

आता आपल्याकडचे वास्तव पाहा. तुमच्या तालुक्यात कल्चरचे यंत्र नाही. नमुना यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूरला जातो, आणि बहुतेक वेळा रुग्णाला दोन-तीन प्रतिजैविके देऊन झाल्यावर जातो. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त हवे असते. तिथे तीन-चार मिलिलिटर भरून पाठवलेले मी असंख्य वेळा पाहिले आहे. शिवाय ज्याच्या घरच्यांना खर्च झेपतो त्याचे कल्चर होते आणि ज्यांना झेपत नाही त्यांचा ताप औषध बदलून पाहण्यात जातो. परिणाम असा होतो की ज्याचे कल्चर कधी पाठवलेच नाही, तो रुग्ण तुमच्या नोंदीत ‘संसर्ग नाही’ या रकान्यात बसतो. अशा नोंदींवरून केलेला कोणताही तक्ता संसर्ग कोणाला होतो हे शिकत नाही. कल्चर कोणाचे पाठवले जाते हे शिकतो. तुमच्या आयसीयूत या क्षणी एकच सुधारणा करायची असेल, तर तापाच्या किंवा अचानक रक्तदाब उतरण्याच्या वेळी प्रतिजैविकाच्या आधी, दोन वेगवेगळ्या जागांमधून, पुरेशा रक्ताचे दोन संच घेण्याची शिस्त लावा. भाकिताचा विचार त्यानंतर करू.

स्वतःचा गुणतक्ता का बनवू नये, हे साध्या हिशोबाने कळेल. समजा तुमच्या सहा खाटांपैकी सरासरी तीन रुग्णांना रोज सेंट्रल लाइन असते. वर्षाचे साधारण अकराशे लाइन-दिवस (एका रुग्णाची लाइन एक दिवस, म्हणजे एक लाइन-दिवस) झाले. समजा तुमचा खरा दर हजार लाइन-दिवसांमागे पाच संसर्ग असा आहे. मग वर्षाला पाच किंवा सहा घटना हाती येतील. दहा-बारा घटकांचे वजन ठरवायला पाच-सहा घटना कुठेच पुरत नाहीत. जे वजन निघेल ते योगायोगाचे असेल आणि पुढच्या वर्षी उलटे पडेल. याच हिशोबाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. या दराने महिन्याला अर्ध्याहूनही कमी संसर्ग अपेक्षित आहे, त्यामुळे काहीही सुधारणा न करता तीनपैकी जवळपास दोन महिने शून्य संसर्गाचेच जातील. शून्याचा महिना पाहून समाधान मानणे धोक्याचे आहे. सलग तीनशे लाइन-दिवस, म्हणजे तुमच्याकडे शंभर दिवस, एकही संसर्ग झाला नाही, तरी खरा दर हजारामागे दहापर्यंत असू शकतो, असेच संख्याशास्त्र सांगते. म्हणून छोट्या विभागाने घटनांपेक्षा कामाची मोजणी करावी: किती लाइन पूर्ण आच्छादन (टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन, हातमोजे आणि मोठी चादर) वापरून टाकल्या, किती लाइनचे ड्रेसिंग आज कोरडे आणि चिकटलेले आहे, किती लाइन गरज संपल्यावरही राहिल्या. या गोष्टी रोज घडतात, त्यामुळे आकडा लवकर विश्वासार्ह होतो.

जोखीम येते कुठून, हे समजले की कोणते घटक खरे भाकीत करतात हेही उमगते. थोड्या दिवसांच्या लाइनमध्ये जंतू बहुधा त्वचेवरून येतात आणि सुईच्या छिद्रातून लाइनच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून आत सरकतात. पहिल्या आठवडा-दहा दिवसांतल्या संसर्गाचे हे मुख्य कारण. लाइन जास्त दिवस राहिली, तिला वारंवार हात लागला, की जंतू हबमधून, म्हणजे जिथे आपण सिरिंज जोडतो तिथून, आतल्या पोकळीत शिरतात. कधी शरीरातल्या दुसऱ्या संसर्गातून जंतू रक्तात येऊन लाइनवर बसतात, आणि क्वचित सलाइन किंवा औषधच दूषित असते. दोन रुग्णांच्या रक्तात एकाच आठवड्यात बर्खोल्डेरियासारखा फारसा न दिसणारा जंतू सापडला, तर रुग्णांचे गुणांक पाहत बसू नका. अनेकांसाठी वापरलेली औषधाची बाटली, अँटिसेप्टिकचे भांडे आणि सलाइनचा साठा तपासा.

या मार्गांवरून जोखमीचे घटक ओळीने दिसतात: लाइनचे दिवस, ल्युमेनची, म्हणजे लाइनमधल्या वेगवेगळ्या पोकळ्यांची, संख्या, लाइनमधून दिले जाणारे पोषणद्रव आणि रक्त, पांढऱ्या पेशी घटलेल्या असणे, अपुऱ्या दिवसांचे बाळ, घाईत टाकलेली लाइन, लाइन टाकण्याआधीच रुग्णालयात काढलेले बरेच दिवस. एक घटक मात्र पुस्तकात मागे पडतो आणि आपल्याकडे तो सर्वांत पुढे असतो, तो म्हणजे एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत. परिचारिका कमी पडल्या की लाइनचा संसर्ग वाढतो, हे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. रात्रपाळीत सहा गंभीर रुग्णांमागे एकच सिस्टर आणि मदतीला एक मावशी असतील, तर हब पंधरा सेकंद घासून पुसण्याची अपेक्षा ठेवणे त्या सिस्टरवर अन्याय आहे. कोणतेही सॉफ्टवेअर हा रकाना विचारत नसेल, तर ते तुमच्या विभागाला ओळखतच नाही, असे मी म्हणेन.

आपल्या भागातल्या तीन प्रकारच्या रुग्णांबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण बाहेर तयार झालेल्या तक्त्यांत ते सहसा नसतात. पहिला, फवारणीच्या हंगामातला विषबाधेचा रुग्ण. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जे घडले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ऑर्गेनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकाची बाधा झालेल्या रुग्णाला दरदरून घाम सुटतो, लाळ मानेपर्यंत ओघळते, उतारा म्हणून दिलेले अ‍ॅट्रोपिन वाढल्यावर तो हातपाय झाडतो. मानेतल्या लाइनचे ड्रेसिंग पाच-सहा तासांत सुटते. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी आणि गॉजचे दोन दिवसांनी बदलावे, हा नियम कोरड्या त्वचेसाठी आहे. ओले किंवा सुटलेले ड्रेसिंग त्याच वेळी बदलायचे असते. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर-यवतमाळकडे पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की कूलरची दमट हवा आणि घाम यांमुळे इतर रुग्णांचेही तेच होते. म्हणून माझ्या मते आपल्या उन्हाळ्यात ‘ड्रेसिंग सुटले आहे का’ हा एक प्रश्न बाकी पाच प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जातो.

दुसरा रुग्ण डायलिसिसचा. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये सुरू झाल्यावर जिल्हा पातळीवर सोय आली, हे मोठे काम झाले. पण फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली शिर धमनीला जोडण्याची शस्त्रक्रिया, करून मिळेपर्यंत अनेक जण मानेतला किंवा जांघेतला तात्पुरता कॅथेटर घेऊन आठवडेच्या आठवडे एसटीने ये-जा करतात. मानेतला असा कॅथेटर दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये, अशी मार्गदर्शक सूचना आहे. या रुग्णांचे भाकीत करायला गणिताची गरज नाही. फिस्टुलाची तारीख ठरलेली नसणे हीच त्यांची जोखीम आहे.

तिसरा रुग्ण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. प्लीहा निकामी झाल्यामुळे त्याची संसर्गाशी लढण्याची ताकद आधीच कमी असते, वारंवार भरतीमुळे शिरा संपलेल्या असतात, आणि ताप आला की तो क्रायसिसचा (सिकलसेलच्या वेदनांच्या झटक्याचा), मलेरियाचा, पावसाळ्यानंतरच्या स्क्रब टायफसचा की लाइनचा, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. इथे नातेवाईक म्हणतात, “डॉक्टर, लाइन काढू नका, याले नस भेटत नाही.” त्यांचे म्हणणे खरे असते, आणि तरीही लाइन तशीच ठेवण्याची किंमत त्यांना शांतपणे समजावून सांगावी लागते.

आता सर्वांत जास्त गोंधळ होणारी गोष्ट. जो घटक भाकीत करतो, तो बदलला की धोका कमी होईलच असे नाही. लाइनचे दिवस वाढले की एकूण धोका वाढतो, हे खरे. रोजचा धोका हजारात पाच असेल, तर दहा दिवसांत तो शंभरात जवळपास पाच होतो. त्यावरून कोणी म्हणेल की सातव्या दिवशी लाइन बदलून नवी टाकावी. तसे करू नये. ठरावीक दिवसांनी लाइन बदलल्याने संसर्ग टळत नाही, आणि नवे छिद्र नवा धोका घेऊन येते. गरज संपल्यावर लाइन काढणे हा उपाय आहे. याला एक अपवाद मी कटाक्षाने पाळतो: 108 रुग्णवाहिकेतून किंवा दुसरीकडून घाईत, निर्जंतुकीकरणाची खात्री नसताना टाकलेली लाइन घेऊन रुग्ण आला, तर ती अठ्ठेचाळीस तासांच्या आत बदलावी. त्यासाठी ती कधी टाकली हे कळायला हवे. रेफरच्या चिठ्ठीवर आणि ड्रेसिंगवर लाइन टाकल्याची तारीख आणि वेळ लिहिण्याची सवय आपण आजूबाजूच्या सर्व ग्रामीण रुग्णालयांना लावली, तर ती कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

जागेच्या निवडीतही असेच तारतम्य लागते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत, सुमारे साडेतीन हजार लाइनमध्ये, गळपट्टीच्या हाडाखालच्या सबक्लेव्हियन लाइनला संसर्ग आणि रक्ताची गुठळी मिळून सर्वांत कमी त्रास झाला. पण छातीत नळी टाकावी लागेल असा न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती हवा साठणे) तिच्यात सुमारे दीड टक्का होता, तर मानेतल्या लाइनमध्ये अर्धा टक्का. रात्री दोन वाजता छातीत नळी टाकणारा हात उपलब्ध नसेल, तर सबक्लेव्हियनचा फायदा तुमच्या रुग्णापर्यंत पोहोचत नाही. अशा ठिकाणी सोनोग्राफीच्या साहाय्याने मानेतली लाइन, आणि जांघेतली टाकावीच लागली तर ती लवकरात लवकर काढण्याची तयारी, हा मला योग्य मार्ग वाटतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे लाइनच न टाकणे. रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन थोड्या काळासाठी कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून देता येते, हे आता सेप्सिसच्या (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याच्या) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही मान्य झाले आहे. त्या काही तासांत रुग्ण सावरला तर लाइनचा प्रश्नच मिटतो.

सॉफ्टवेअरकडे वळू. विक्रेता तुम्हाला सांगेल की त्यांचे यंत्र ऐंशी टक्के संसर्ग पकडते आणि संसर्ग नसलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांना बरोबर बाजूला ठेवते. ऐकायला हे उत्तम वाटते. आता हेच हजार लाइन-दिवसांवर लावा. त्यांत पाच दिवशी संसर्ग होणार आहे. यंत्र त्यातले चार पकडेल. उरलेल्या 995 दिवसांपैकी 199 दिवशी ते विनाकारण इशारा देईल. म्हणजे एकूण 203 इशाऱ्यांत चार खरे, पन्नासात एक. प्रत्येक इशाऱ्याला तुम्ही ड्रेसिंग उघडून जागा पाहिली आणि लाइनची गरज तपासली, तर हा सौदा चांगला आहे, कारण त्याने कोणाचे नुकसान होत नाही. प्रत्येक इशाऱ्याला मेरोपेनेम किंवा कोलिस्टिनसारखे जोरदार प्रतिजैविक सुरू केले, तर एका खऱ्या इशाऱ्यामागे जवळपास पन्नास वेळा निष्कारण औषध गेले आणि तुमच्या विभागातले जंतू अधिक चिवट झाले. भारतात एम्स हे रुग्णालय आणि आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधन परिषद यांनी चालवलेल्या, रुग्णालयीन संसर्ग नोंदवणाऱ्या रुग्णालयांच्या जाळ्यात रक्तातल्या जंतूंमध्ये क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर पुढे असल्याचे दिसले आहे, आणि त्यांच्यावर चालणारी औषधे आधीच मोजकी उरली आहेत.

यंत्राला दिलेल्या माहितीत उत्तर आधीच शिरले आहे का, हेही तपासा. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या नोंदींवरून असा तक्ता करण्यात मीही भाग घेतला होता. निकाल पाहून आम्ही हरखलो. नंतर बारकाईने पाहिले तेव्हा लक्षात आले की, तक्त्यातला सर्वांत बलवान घटक ‘व्हॅन्कोमायसिन सुरू केले’ हा होता. डॉक्टरला संसर्गाचा संशय आल्यावरच ते औषध सुरू होते. म्हणजे तक्ता भाकीत करत नव्हता, आमचाच संशय आम्हाला परत सांगत होता. ती चूक आमची होती, आणि तिच्यामुळे वाया गेलेल्या कष्टांचे मला आजही वाईट वाटते. म्हणून विचारा की संसर्गाच्या किती तास आधीची माहिती यंत्र वापरते, आणि त्यात कल्चर पाठवल्याची किंवा प्रतिजैविकाची नोंद धरली आहे का. दुसरे, लाइन काढलेले, घरी गेलेले आणि दगावलेले रुग्ण यंत्र कसे मोजते हे विचारा. चौथ्या दिवशी मृत्यू झालेल्या रुग्णाला ‘दहा दिवस संसर्ग नाही’ असे धरले असेल, तर सर्व आकडे वाकडे होतात. तिसरे, भरतीच्या दिवशी एकदाच आकडा देते की रोज नवा देते, हे पाहा, कारण पहिल्या दिवशीचा धोका आणि आठव्या दिवशीचा धोका यांत रुग्णही बदललेला असतो. चौथे, हे यंत्र कुठल्या रुग्णांवर घडले? जिथे त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जास्त आणि एकूण दर कमी, तिथे शिकलेले यंत्र तुमच्याकडे रुग्णांचा क्रम कदाचित बरोबर लावेल, पण टक्केवारी चुकीची सांगेल. या चारही प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन (त्वचा निर्जंतुक करणारे द्रावण), मोठ्या निर्जंतुक चादरी आणि आणखी एका सिस्टरच्या पगारावर खर्च करा.

हे मी केवळ भावनेपोटी म्हणत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक आयसीयूंनी हात धुणे, पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्सिडिन, शक्यतो जांघ टाळणे आणि अनावश्यक लाइन काढणे एवढ्या पाच गोष्टी नेटाने केल्या. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात संसर्गाचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) दर हजार लाइन-दिवसांमागे 2.7 वरून तीन महिन्यांत शून्यावर आला आणि दीड वर्षापर्यंत टिकला. कोणाला संसर्ग होईल याचे भाकीत तिथे कोणी केले नव्हते. प्रत्येक रुग्णाला धोका आहे असे धरून काम केले होते. हात धुण्यासाठी पाणी नसेल, आणि आपल्याकडे मे महिन्यात अनेकदा नसते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे ऐंशी टक्के इथेनॉल, थोडे ग्लिसरॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे हँडरब रुग्णालयाच्या औषधशाळेतच बनवता येते.

सकाळच्या राउंडला मी स्वतः काय करतो, तेही विचारले आहे. प्रत्येक लाइनच्या रुग्णाजवळ मी सिस्टरांना बोलते करतो, कारण रात्रभर लाइन त्यांनी हाताळलेली असते. आज कितवा दिवस, कोणते औषध फक्त याच लाइनमधून जाऊ शकते, ड्रेसिंगची कड सुटली आहे का, रात्रीत हब किती वेळा उघडला, ही चार उत्तरे त्या देतात आणि वहीत लिहितात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणतेच नाही’ असे आले, की लाइन दुपारच्या आत निघते. संध्याकाळपर्यंत थांबलो तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत राहते, असा माझा अनुभव आहे. हब आठ-दहापेक्षा जास्त वेळा उघडला असेल, तर रक्ताचे नमुने आणि औषधांच्या वेळा एकत्र करतो. ज्या दोन रुग्णांची उत्तरे सर्वांत काळजीची वाटतात, त्यांची नावे फळ्यावर लाल खडूने लिहितो, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला दोन्ही खाटा शक्य तितक्या जवळ मिळतील अशी व्यवस्था करतो.

तुमच्या वहीत तारीख, खाट, लाइनची जागा, कितवा दिवस, लाइन कोणी आणि कुठे टाकली, आजची गरज, ड्रेसिंगची अवस्था आणि त्या पाळीत किती सिस्टर होत्या, एवढे रकाने आजपासून सुरू करा. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी आठ वाजता, किती रुग्णांना लाइन आहे तेही मोजून लिहा. वर्षभराने ही वही आणि कल्चरचे अहवाल शेजारच्या पाच-सहा आयसीयूंच्या वह्यांसोबत एकत्र ठेवता आले, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभागासोबत बसून आपल्या रुग्णांसाठी भाकीत करण्याचा विचार करता येईल. त्या बैठकीला मी नक्की येईन; फक्त ज्या दिवशी कल्चर पाठवले नाही, त्या दिवसाच्या रकान्यात ‘पाठवले नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असू द्या, तो रकाना रिकामा सोडू नका.